उडती लाथ : उपयोग आणि उपपत्ती

मराठीत 'उडी' या शब्दाला मान आहे, 'लाथ' या शब्दाला नाही. समुद्र ओलांडणाऱ्या मारुतीची उडी आपण कळत्या वयापासून ऐकतो, आणि ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सच्या बंदरात सावरकरांनी घेतलेली उडी मराठी मनात आजही घर करून आहे. लाथ मात्र गाढवाची, नाहीतर उद्दामाची. 'लाथ मारीन तिथे पाणी काढीन' या म्हणीत तिला थोडी प्रतिष्ठा लाभते, पण त्या बढाईतही रग आहे, रीत नाही. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि देवाने ती खूण भूषणासारखी मिरवली. पण त्या कथेतली थोरवी लाथ मारणाऱ्याची नाही, ती सोसणाऱ्याची आहे.

कोरियन युद्धकलांनी या दोन शब्दांचा समास केला. धावत येऊन जमीन सोडायची, हवेत असतानाच पाय झाडायचा, कधी हवेतच गिरकी घेऊन टाचेने प्रहार करायचा, ही तायक्वांदोची जगभर पोहोचलेली प्रतिमा आहे. त्या प्रतिमेपाठोपाठ एक प्रश्नही सर्वत्र पोहोचला : प्रत्यक्ष झटापटीत हिचा उपयोग काय? कोणी म्हणतो, हा निव्वळ नाच आहे. कोणी म्हणतो, ही घोडेस्वाराला खाली पाडणारी प्राचीन विद्या आहे. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच गृहीतकावर उभे आहेत. कलेची किंमत तिच्या रणांगणावरच्या उपयोगावरून ठरते, हे ते गृहीतक होय. या लेखात आम्हांला ते तपासायचे आहे, आणि त्यासाठी कोरियाइतकाच महाराष्ट्राचा, विशेषतः रायगड किनाऱ्यावरच्या उरण परिसरात रुजलेल्या कबड्डीचा आधार घ्यायचा आहे.

घोडेस्वाराची कथा

उडत्या लाथेची सर्वांत लोकप्रिय उपपत्ती अशी : पूर्वी कोरियन पायदळाला घोडदळाशी सामना करावा लागे, म्हणून स्वाराला खोगिरावरून खाली पाडण्यासाठी या लाथा निर्माण झाल्या. कथा चित्रमय आहे, म्हणूनच टिकली. पण कोरियाच्या लष्करी इतिहासात पायदळाजवळ भाले होते, लांब दांड्याची पाती होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धनुष्य होते. हाती भाला असताना तो टाकून दौडत्या घोड्यासमोर उडी घेणारा शिपाई कोणत्या सेनापतीला हवा असेल?

या बाबतीत एक ग्रंथ मोलाची साक्ष देतो. जोसन राजवटीतील राजा जोंगजो याच्या आज्ञेवरून १७९० मध्ये 'मुये दोबो तोंग्जी' हा सचित्र युद्धविद्याग्रंथ सिद्ध झाला. त्यात चोवीस विद्यांचे वर्णन आहे. अठरा पायउतार सैनिकाच्या, सहा घोड्यावरच्या. बहुतेक सर्व शस्त्रांच्या आहेत. निःशस्त्र द्वंद्वाच्या वाट्याला चोवीसांतले एकच प्रकरण आले आहे, आणि त्याची मुळे सोळाव्या शतकातला चिनी सेनापती ची जीग्वांग याच्या ग्रंथात आहेत. या सेनापतीने समुद्री लुटारूंशी प्रत्यक्ष युद्धे केली होती, त्यामुळे त्याचे मत पुस्तकी नव्हे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, हातापायांची ही विद्या मोठ्या लढाईत फारशी कामी येत नाही; मात्र तिने अवयव मोकळे होतात, शरीराला कष्टाची सवय लागते, आणि म्हणून नवशिक्याने शस्त्रविद्येत शिरण्याचा तो दरवाजा आहे.

उपयुक्ततेच्या वादाचा निकाल जणू साडेचारशे वर्षांपूर्वीच लागला होता. दरवाजातून आत जायचे असते; दरवाजा खांद्यावर घेऊन लढायचे नसते.

खेळातून आलेली, राष्ट्राने उचललेली

मग लाथा आल्या कोठून? कोरियात पायांनी खेळण्याची एक जुनी लोकपरंपरा होती, तिचे नाव तेक्क्योन. प्रतिस्पर्ध्याला पायाने अडखळवून पाडणे किंवा उंच लाथेने त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचणे हा तिचा गाभा, आणि उडी घेऊन मारायची लाथही तिच्यात आहे. एकोणिसाव्या शतकातला चित्रकार यू सुक याच्या प्रसिद्ध चित्रात मोकळ्या जागी जमलेल्या लोकांच्या कड्यात कुस्ती आणि तेक्क्योन दोन्ही चाललेली दिसतात. अमेरिकन अभ्यासक स्टुअर्ट क्युलिन याने १८९५ मध्ये कोरियन खेळांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही तेक्क्योनची नोंद खेळ म्हणूनच आहे. पुढे जपानी अमलात ही परंपरा जवळजवळ विझली. सॉन्ग डॉक-गी (१८९३–१९८७) या वृद्ध खेळाडूच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. १९८३ मध्ये कोरियाने तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०११ मध्ये युनेस्कोने.

तायक्वांदोची वंशावळ मात्र निराळी आहे. जपानने १९१० मध्ये कोरिया खालसा केला. त्यानंतरच्या पिढीतले अनेक कोरियन तरुण शिक्षणासाठी जपानमध्ये गेले आणि तेथे कराटे शिकले. परतल्यावर त्यांनी ज्या शाळा काढल्या (१९४४ मधील ली वोन-कुक यांची 'चुंग दो क्वान' ही त्यांपैकी एक), त्यांतून पुढचा तायक्वांदो घडला. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांच्यासमोर सैनिकांनी प्रात्यक्षिक केले, तेव्हा ते पाहून अध्यक्षांना आपले जुने तेक्क्योन आठवले, असे सांगतात. वस्तुतः समोर होते ते कराटेतून आलेले तंत्र. सेनाधिकारी चोई हाँग ही यांनी १९५५ मध्ये पुढे आणलेले 'तायक्वांदो' हे नावही जुन्या खेळाच्या नावाशी ध्वनीने जवळीक साधणारे आहे. स्टीव्हन केपनर, उडो मोएनिग यांसारख्या अभ्यासकांनी ही घडण तपशीलवार दाखविली आहे. दोन हजार वर्षांच्या अखंड परंपरेचा दावा तिच्यापुढे टिकत नाही.

पण येथे एक बारकावा सुटू नये. कराटेत उडती लाथ अगदीच नव्हती असे नाही. 'कांकू दाई' या आकृतिबंधाच्या अखेरीस ती येते. परंतु कराटेचा भर हातावर राहिला. कोरियन तरुणांनी तोच पाया घेऊन भार पायावर टाकला, लाथ उंच केली, तिला गिरकी दिली आणि जमिनीपासून सोडविले. जे शासकाकडून शिकलो, ते शासकाचे वाटू नये यासाठी केलेला हा बदल आहे, असे आम्ही मानतो. चोई यांच्या आकृतिबंधांपैकी 'चुंग-मू' हा १५९२ च्या जपानी आक्रमणाशी समुद्रावर झुंजलेल्या आरमारप्रमुख यी सुन-सिनच्या नावाने आहे, आणि त्यात उडती बाजूलाथ आहे. जपानी मुळाच्या विद्येतली उडी जपानशी लढलेल्या दर्यावर्दीच्या नावे अर्पण झाली. कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला या अर्पणाचा अर्थ वेगळा सांगायला नको. उडत्या लाथेचा पहिला मोठा उपयोग हा होता : तिने एका पराभूत राष्ट्राला स्वतःची आकृती दिली.

हवेतला अर्धा सेकंद

तरीही झटापटीतल्या उपयोगाचा प्रश्न टाळून चालणार नाही. तो सरळ गणिताने सोडविता येतो. माणसाने स्वतःला तीस सेंटिमीटर वर उचलले, तर वर जाऊन खाली येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात त्याला दिशा बदलता येत नाही, माघार घेता येत नाही, आणि जमिनीला रेटा देऊन प्रहारात बळ भरता येत नाही. जे बळ असेल ते धावेतून आणि गिरकीतून आधीच साठविलेले. सावध माणसाला हालचाल दिसल्यापासून अंग हलवायला साधारण पाव सेकंद पुरतो. म्हणजे उडी जितकी उंच, तितका समोरच्याला अवकाश अधिक.

याचा अर्थ उडी निरुपयोगी असा नव्हे. तायक्वांदोच्या सामन्यात लहान उडी पदोपदी दिसते : अंतर कापण्यासाठी सरपटती झेप, पाय बदलण्यासाठी टुणकन घेतलेली उसळी, एकामागून एक दोन लाथा मारताना क्षणभर सुटलेली जमीन. त्या प्रेक्षकाच्या नजरेत भरत नाहीत, आणि म्हणूनच प्रतिस्पर्ध्याच्याही भरत नाहीत. नियम असा सांगता येईल : उडी जसजशी देखणी होते, तसतसा तिचा झटापटीतला उपयोग घटतो.

अपवाद आहेत. १६ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेत झालेल्या एका व्यावसायिक मिश्र द्वंद्वाच्या पाचव्या फेरीत अँथनी पेटिसने पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन उसळी घेतली आणि बेन हेंडरसनच्या चेहऱ्यावर लाथ मारली. हेंडरसन खाली पडला. पेटिसचे बालपण तायक्वांदोत गेले होते. ही लाथ आजही उपयुक्ततेचा पुरावा म्हणून दाखविली जाते. पण हेंडरसन पडूनही हरला नाही. लढत शेवटपर्यंत चालली आणि निकाल पंचांच्या गुणांवर लागला. शिवाय ही एक लाथ इतकी वर्षे लक्षात राहते, हेच ती किती विरळ आहे याचे प्रमाण आहे.

खुद्द ऑलिंपिकमधला तायक्वांदो काय सांगतो? १९८८ मध्ये सेऊलला तो प्रात्यक्षिक म्हणून आला, २००० मध्ये सिडनीला पदकाचा खेळ झाला, आणि २०१२ मध्ये लंडनला छातीच्या चिलखतात विद्युत संवेदक आले. आजच्या नियमांत ठोशाला एक गुण, धडावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. गिरकी घेऊन मारल्यास अनुक्रमे चार आणि पाच. उडीला म्हणून वेगळा गुण नाही. संवेदक आल्यापासून खेळाडू पुढचा पाय उचलून धरतात आणि तलवारबाजासारखे टोचत राहतात, अशी तक्रार जुने जाणकार करतात. मोठी उडी सामन्यातून हळूहळू बाहेर पडली आणि आकृतिबंधांच्या व प्रात्यक्षिकांच्या स्वतंत्र दालनात जाऊन बसली. झटापट आणि झेप यांचा संसार कोरियातच विभक्त झाला आहे.

आपल्याकडचा लाकडी प्रतिस्पर्धी

'मुये दोबो तोंग्जी' लिहून झाल्यावर सहाच वर्षांनी पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आला. त्याच्या आश्रयाने बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, ही आपली सर्वमान्य परंपरा. तिच्याभोवतीही कथा आहे : निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान, देवधरांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर केलेली उपासना, आणि मारुतीने दिलेला दृष्टांत. मल्लाच्या सरावाच्या खांबाचा उल्लेख त्याआधी कितीतरी शतके, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात येतो. तेव्हा कथा उगमाची नाही, पुनर्जन्माची आहे. पण तिचा आकार कोरियन घोडेस्वाराच्या कथेसारखाच आहे. विद्येला जन्मदाखला हवा, आणि तो युद्धाने किंवा आव्हानाने दिलेला हवा.

मल्लखांबावरची उडी कुस्तीत जशीच्या तशी कोणी मारीत नाही. खांब उलटून पकडत नाही, डाव टाकत नाही. तो सोशीक प्रतिस्पर्धी आहे. त्याच्यावर पकड घट्ट होते, मांड्या आवळतात, उलटे लटकतानाही शरीराला आपली दिशा कळत राहते. हे सारे मग आखाड्यात उपयोगी पडते. म्हणजे ची जीग्वांगचा दरवाजा येथेही आहे, फक्त तो शिसवी लाकडाचा आहे. आणि लाथ? आपल्या कुस्तीत पाय आहे, पण तो गुंतविणारा आहे. टांग लागते, पायात पाय अडकतो. पायाने मारणे मात्र निषिद्ध. आपल्या परंपरेने उडी घेतली आणि लाथ नाकारली.

राज्य गेल्यावर या विद्यांवरही राष्ट्राचे ओझे आले. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच ऑलिंपिकमध्ये सोन की-चुंग हा कोरियन धावपटू मॅरेथॉन जिंकला, पण छातीवर जपानचे निशाण घेऊन. सेऊलच्या एका वृत्तपत्राने छायाचित्रातले ते निशाण खोडून टाकले आणि त्याची शिक्षा भोगली. दोन परतंत्र देश एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात, आपल्या शरीरांतून आपले नाव उच्चारू पाहत होते. अशा वेळी 'या उडीचा झटापटीत उपयोग काय' असे विचारणे किती अपुरे आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

उरणची उडी

आता किनाऱ्याकडे वळू. रायगड जिल्हा हा कबड्डीचा, म्हणजे जुन्या हुतुतूचा बालेकिल्ला. उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत कबड्डीचा संघ ही गावाची ओळख असते. आणि या खेळात, जे आपल्या कुस्तीत घडले नाही, ते घडले आहे : येथे उडीही आहे आणि लाथही आहे.

पण कबड्डीतली लाथ ही मारण्याची नाही, शिवण्याची आहे. चढाई करणारा मागे पाय झाडतो तेव्हा समोरच्याला दुखापत व्हावी हा हेतू नसतो. टाचेचा ओझरता स्पर्श पुरे. भृगूच्या कथेतला अपमान तिच्यातून गळून पडला आहे. उडीचेही तसेच. घोटा किंवा मांडी धरण्यासाठी साखळीतले गडी खाली वाकतात, आणि नेमक्या त्या क्षणी चढाईपटू त्यांच्या पाठीवरून हनुमान उडी घेऊन मध्यरेषेकडे झेपावतो. हवेतला तोच अर्धा सेकंद येथे तारक ठरतो, कारण त्याला हवेत काहीही मारायचे नसते. फक्त शिवून झाल्यावर रेषेपलीकडे पोहोचायचे असते. उडी चुकली तर हवेतच कवेत घेतला जातो. गणित बदललेले नाही. नियम बदलले आहेत.

येथे कोरिया पुन्हा भेटतो. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबादच्या कबड्डी विश्वचषकाच्या सलामीला दक्षिण कोरियाने भारताला ३४–३२ असे हरविले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गटसाखळीत पुन्हा २४–२३ असे. जांग कुन ली हा त्यांचा चढाईपटू २०१४ पासून भारतातल्या व्यावसायिक लीगमध्येही खेळला. आपण त्यांची उडती लाथ शिकत होतो, त्याच काळात त्यांनी आपली शिवती लाथ शिकून घेतली. आणि संवेदक लावलेल्या चिलखताला पायाने हलके टोचून गुण मिळविणारा आजचा तायक्वांदोपटू पाहिला, तर तोही मारण्याकडून शिवण्याकडेच आलेला दिसतो. यात काहींना अधःपात दिसतो. आम्हांला तेक्क्योनच्या त्या जुन्या कड्यात, खेळात, परतलेली वाट दिसते.

उपयोग कोणाचा, कशासाठी

हा वाद केवळ पंडिती नाही. आज जिल्ह्याजिल्ह्यांत मुले तायक्वांदो शिकतात. काहींना शालान्त परीक्षेतल्या क्रीडागुणांची आशा असते, काहींना खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्के सरकारी जागांची. या उपयोगांत लाजिरवाणे काही नाही. परंतु मुलींसाठी भरविल्या जाणाऱ्या स्वसंरक्षण शिबिरांत उडती लाथ 'उपाय' म्हणून शिकविली जाते, तेव्हा घोडेस्वाराची खोटी कथा निरुपद्रवी राहत नाही. अरुंद जिन्यात, ओल्या फरशीवर, साडीत किंवा दप्तराच्या ओझ्याखाली हवेत जाणे म्हणजे हातची जमीनही सोडणे. तेथे हवा असतो मोठ्याने ओरडण्याचा सराव, मनगट सोडविण्याची युक्ती, गुडघ्याखाली मारलेली आखूड लाथ आणि पळून जाण्याची मोकळीक. ज्या मुलीला उडीचा भरवसा देऊन पाठविले, तिच्याशी आपण इतिहासाच्या नावाने खोटे बोललेलो असतो. हे खोटे दंतकथेतले नाही. त्याची किंमत तिने मोजायची असते.

म्हणून उडी शिकवू नये काय? अवश्य शिकवावी, पण तिचे खरे नाव सांगून. ती पायांत बळ आणते, तोल शिकविते, वेळेचा अंदाज देते, आणि जमीन सोडण्याचे भय घालविते. ती प्रेक्षकाला थरारविते, हाही उपयोगच आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद परका वाटू नये. कला कलेसाठी की जीवनासाठी, या प्रश्नावर फडके आणि खांडेकर यांच्या काळात आपण बराच शब्दव्यय केला. कविता वाचून कोणाची भाकरी भाजत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. आणि ती उपयोगी आहे हे सिद्ध करण्यासाठी तिच्या नावे एखादी लढाई जिंकल्याची बखर रचावी लागत नाही. अशी बखर रचली की दोन हानी होतात : भोळा वाचक फसतो, आणि कविता जे खरोखर करते ते पाहायचे राहून जाते.

उडत्या लाथेचे तसेच आहे. तिने कोणा घोडेस्वाराला पाडले नाही. तिने एका देशाला स्वतःचे नाव घ्यायला शिकविले, आणि गुरुत्वाकर्षणाशी अर्धा सेकंद हुज्जत घालण्याचा आनंद लाखो मुलांना दिला. एवढे पुरेसे आहे. याहून अधिक तिच्याकडून मागणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तिच्या भरवशावर रस्त्याने एकटी जाणाऱ्या मुलीवर त्याहून मोठा.